तक्रारीच्या अलीकडे आणि पलीकडे: अमरावती-अकोल्यातील अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या सहाय्यसेवा

लैंगिक किंवा कौटुंबिक अत्याचार सोसलेल्या स्त्रीला लागणारी मदत कुठल्याही एका खात्याकडे नसते. तिला दवाखाना लागतो, पोलीस लागतात, वकील लागतो, कधी चार रात्री काढायला जागा लागते, कधी मुलांचे शाळेतले दाखले सासरच्या घरातून सोडवून आणावे लागतात. या सगळ्याच्या आधी शांतपणे ऐकून घेणारे कोणी तरी लागते. ही मदत पुरवणाऱ्या सरकारी, न्यायालयीन, वैद्यकीय आणि गावपातळीवरच्या यंत्रणांना मिळून सहाय्यसेवा म्हणतात. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत, अकोल्यात ७. बहुतेक सेवा जिल्ह्याच्या ठिकाणी एकवटलेल्या आहेत. गरज मात्र धारणीपासून पातूरपर्यंत आणि तेल्हाऱ्यापासून वरुडपर्यंत पसरलेली आहे. वऱ्हाडातल्या सहाय्यसेवांच्या बऱ्याचशा अडचणी या अंतरातून निघतात.

लैंगिक अत्याचार आणि कौटुंबिक हिंसाचार यांची कलमे वेगळी, न्यायालये वेगळी. घरात मात्र दोन्ही एकत्र नांदतात. पत्नी १८ वर्षांवरील असेल तर नवऱ्याने केलेली बळजबरी भारतीय न्याय संहितेत बलात्कार ठरत नाही. पण २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात लैंगिक छळ हा शारीरिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळाइतकाच हिंसाचाराचा प्रकार मानला आहे. ज्या बाईला फौजदारी कायदा दाद देत नाही तिला हा दुसरा कायदा काही प्रमाणात देतो. सहाय्यसेवेतल्या माणसाला हे ठाऊक नसेल तर ‘नवरा-बायकोचं आहे’ एवढ्यावर तिची बोळवण होते.

या सेवांच्या इतिहासात विदर्भाचा वाटा मोठा आहे. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून जबरदस्ती नव्हती असा त्या निकालाचा सूर होता. सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्कारासाठी वेगळे कलम आले, अशा प्रकरणांत संमतीबाबत पुराव्याचा भार बदलला आणि पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले. कायद्याची पुस्तके आजही हे प्रकरण त्या मुलीच्या नावाने ओळखतात. ज्या प्रकरणामुळे ओळख लपवण्याचा नियम आला त्यातलीच ओळख जगजाहीर राहावी, हा विचित्र योग आहे. ते नाव येथे देण्याचे कारण नाही. नागपुरात डॉ. सीमा साखरे यांची स्त्री अत्याचार विरोधी परिषद याच प्रश्नावर उभी राहिली. त्याच सुमारास, १९८२ मध्ये, पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच सुरू केला.

आंदोलनाने कायदा दिला. रोजच्या मदतीची घडी मात्र नंतर हळूहळू बसली. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने आयुक्तालयाच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष सहाय्य कक्ष उघडला. पोलीस ठाण्याच्या आवारात पोलीस नसलेली, समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती बसवायची, ही त्यामागची कल्पना. पुढे राज्य सरकारने ती स्वीकारली आणि कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. २००० साली मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाण्याआधी दवाखान्यात येते, तेव्हा तिला तिथेच गाठावे, हा विचार त्यात होता. २०१३ मध्ये केंद्राने निर्भया निधी उभारला आणि त्यातून एप्रिल २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटरची योजना आली. वैद्यकीय मदत, पोलिसांशी संपर्क, समुपदेशन, कायदेशीर सल्ला आणि जास्तीत जास्त पाच दिवसांचा निवारा, हे सगळे एका छपराखाली मिळावे असे तिचे स्वरूप आहे. २०२२ पासून ती ‘मिशन शक्ती’त समाविष्ट झाली. पोलिसांनी २०१७ मध्ये नागपुरात महिला आणि मुलांच्या मदतीसाठी ‘भरोसा सेल’ सुरू केला आणि तोही नंतर इतर जिल्ह्यांत पोचला. आज अमरावती-अकोल्यातल्या बाईला निदान कागदावर चार-पाच दारे उघडी आहेत. तिला त्यांतले एखादे तरी माहीत आहे का, आणि एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत तिच्यासोबत कोण जाते, या दोन प्रश्नांवर या व्यवस्थेचे यश ठरते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसाचार झाल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणाप्रमाणे देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली. मागितली तीही बहुतेक वेळा माहेरी, बहिणीकडे, मैत्रिणीकडे. पोलीस आणि डॉक्टर फार मागे राहतात. त्यामुळे सहाय्यसेवेची पहिली पायरी सरकारी कार्यालयात नसून आई, भाऊ, शेजारीण, आशाताई किंवा अंगणवाडीताई यांच्यापाशी असते. वऱ्हाडातली बाई ‘मले मारते’ असे पहिल्याच झटक्यात क्वचित म्हणते. डोके दुखते, झोप लागत नाही, जीव घाबरतो, अशा तक्रारी घेऊन ती उपकेंद्रात वारंवार येते. तिथल्या नर्सबाईला त्या तक्रारींचा अर्थ लागला तर पुढचे सगळे शक्य होते.

पहिल्या ऐकणाऱ्याचे मोल दाखवणारे एक प्रकरण अमरावतीचेच आहे. जुलै २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, बडनेऱ्याच्या सरकारी चाचणी केंद्रात एका तरुणीला घशातल्या नमुन्यानंतर आणखी एक चाचणी करावी लागेल असे सांगून प्रयोगशाळा तंत्रज्ञाने तिच्या गुप्तांगातून नमुना घेतला. तिला शंका आली. तिने घरी भावाला सांगितले. भावाने तिच्यावर अविश्वास दाखवला नाही, की गप्प बस म्हटले नाही. त्याने डॉक्टरांकडे चौकशी केली आणि अशी चाचणी असतच नाही हे कळल्यावर दोघांनी बडनेरा पोलीस ठाणे गाठले. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमरावतीच्या न्यायालयाने आरोपीला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. संकोच, ‘सरकारी माणूस खोटं कशाला करेल’ हा समज आणि बोभाट्याची भीती, यांपैकी एकही गोष्ट त्या घरात वरचढ ठरली असती तर खटला उभाच राहिला नसता.

दवाखान्याचा टप्पा सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण इथे वेळेचे गणित सर्वांत कडक असते. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय अजून ‘इर्विन’ म्हणूनच ओळखले जाते आणि जिल्हा स्त्री रुग्णालय ‘डफरीन’ म्हणून. अकोल्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आणि ‘लेडी हार्डिंग’ हे जिल्हा स्त्री रुग्णालय आहे. डफरीन आणि हार्डिंग ही व्हाइसरॉयांच्या पत्नींची नावे. स्त्रीला स्त्री डॉक्टरने तपासावे या आग्रहातून लेडी डफरीन यांनी १८८५ मध्ये निधी उभारला होता. अत्याचारग्रस्त स्त्रीच्या बाबतीत हा आग्रह आजही पूर्णपणे पाळला जातो असे नाही, कारण तालुक्याला रात्री स्त्री डॉक्टर हजर असेलच याची खात्री नसते.

एचआयव्हीचा संसर्ग रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळीही जितक्या लवकर तितकी परिणामकारक. शरीरावरचा पुरावा साधारण ९६ तासांपर्यंत गोळा करता येतो, पण आंघोळ आणि कपडे धुणे यांनी तो त्याआधीच जातो. तपासणीसाठी गुन्हा दाखल झालेला असणे आवश्यक नाही. बाई स्वतःहून दवाखान्यात आली तरी तिची तपासणी आणि उपचार करणे रुग्णालयाला भाग आहे, मग ते सरकारी असो की खासगी. हे उपचार मोफत आहेत आणि नाकारले तर तो गुन्हा आहे. तपासणी तिच्या संमतीने होते. उपचार घ्यायचे आणि पुराव्यासाठी तपासणी नको म्हणायचे, हा तिचा अधिकार आहे. ‘आधी पोलीस स्टेशनातून पत्र आणा’ हे वाक्य कायद्याने केव्हाच हद्दपार केले असले तरी आडगावच्या अपघात विभागात ते अजून ऐकू येऊ शकते. तेव्हा सोबत आलेल्या माणसाला नियम माहीत असणे फार उपयोगी पडते.

तपासणीची पद्धत सुधारण्यातही विदर्भाचे काम मोलाचे आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी पीडितांच्या तपासणीतल्या त्रुटींवर सविस्तर अहवाल तयार केला. कौमार्याचा अंदाज घेणारी ‘दोन बोटांची चाचणी’ अशास्त्रीय आणि अपमानकारक असल्याचे त्यात मांडले होते. २०१० मध्ये डॉ. रंजना पारधी यांनी त्या आधारे नागपूर खंडपीठात जनहित याचिका केली. २०१३ मध्ये राज्याने नवी नियमावली काढून ही चाचणी वगळली, २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशी चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले. गोळा केलेले नमुने तपासायला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा अमरावतीतच आहे.

कापसाच्या पट्ट्यातल्या दवाखान्याला आणखी एक बाजू आहे. इथे घरोघरी फवारणीचे औषध असते आणि ‘औषध घेतलं’ म्हणून आणलेल्या बाईच्या केसपेपरवर पुष्कळदा ‘चुकून’ असा शब्द पडतो. सोबत सासू किंवा नवरा उभा असतो. तो बाहेर गेल्यावर एकदा विचारले तर बाई कधी कधी बोलते. भाजलेल्या स्त्रीच्या बाबतीतही तेच. ‘दिलासा’च्या अनुभवातून डॉक्टर-नर्सना शिकवली जाणारी मुख्य गोष्ट एवढीच आहे: तिच्याशी एकटीशी बोला. त्याला यंत्र लागत नाही, जादा निधी लागत नाही, फक्त पडद्यामागची पाच मिनिटे लागतात. गर्दीच्या वॉर्डात नेमकी तीच मिळत नाहीत.

पोलिसांच्या रचनेत दोन्ही जिल्ह्यांत फरक आहे. अमरावती शहराला पोलीस आयुक्तालय आहे आणि ग्रामीण भागाला स्वतंत्र पोलीस अधीक्षक. अकोल्यात शहर आणि जिल्हा दोन्ही अधीक्षकांच्या अखत्यारीत येतात. अमरावतीत हद्दीचा प्रश्न त्यामुळे अधिक येतो. माहेर शहरात आणि सासर वरुडला असलेल्या बाईला ‘तिकडच्या ठाण्यात जा’ असे सांगितले जाण्याची शक्यता असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवण्याची पद्धत कायद्यातच बसवली आहे. लैंगिक गुन्ह्याची माहिती नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र आहे. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो आणि गुन्ह्याची प्रत मोफत मिळते. आधीही गुन्हे एका जिल्ह्यातून दुसऱ्यात वर्ग होतच. २०२१ मध्ये बार्शिटाकळी तालुक्याशी संबंधित एक प्रकरण राज्यभर गाजले. घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्या स्त्रीला जात पंचायतीने थुंकी चाटण्याची शिक्षा फर्मावली होती. गुन्हा जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा ठाण्यात नोंदला गेला आणि मग अकोल्यातल्या पिंजर ठाण्याकडे वर्ग झाला. तो सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली होता. २०१७ पासून लागू झालेला हा कायदा सहाय्यसेवेत फारसा कुणाला आठवत नाही, पण स्त्रीला वाळीत टाकण्याची धमकी मिळते तेव्हा तोच कामी येतो.

विदर्भात ठाण्याच्या प्रमुखाला ठाणेदार म्हणतात, आणि ग्रामीण भागात ठाणेदाराचा स्वभाव हीच अनेकदा सहाय्यसेवेची गुणवत्ता असते. घरगुती मारहाणीची तक्रार ‘एनसी’वर म्हणजे अदखलपात्र नोंदीवर भागवायची, नवऱ्याला बोलावून दम द्यायचा आणि दोघांना एकाच ऑटोत घरी धाडायचे, ही रीत जुनी आहे. कधी कधी तिचा उपयोगही होतो. पण दम खाल्लेला नवरा त्या रात्री काय करतो याची नोंद कुठल्याही डायरीत होत नाही.

समेट घडवण्याची ही ओढ ठाण्यापुरती नाही. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटावेत हा तिचा हेतू, आणि बांधाच्या, वाटणीच्या भांडणांत तिने चांगले काम केले. समित्यांनी जोडप्यांची लग्नेही लावून दिली. बायकोला मारणे हा मात्र दोन बरोबरीच्या पक्षांतला तंटा नव्हे. समितीत बसलेली माणसे नवऱ्याच्या भावकीतली, बाई परगावची सून. ‘पुढे असं होणार नाही’ असा कागद लिहिला जातो, त्यावर पोलीस पाटलाची सही होते, बाई नांदायला जाते. तंटा मिटल्याची नोंद होते. बक्षिसाच्या स्पर्धेत ही नोंद गावाच्या फायद्याची, बाईच्या फायद्याची असेलच असे नाही. समुपदेशन म्हणजे समजूत घालणे असा समज सरकारी केंद्रांतही दिसतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांनी तो साफ नाकारला आहे: समुपदेशनात हिंसेचे समर्थन करण्याची मुभा प्रतिवादीला नाही. हे एक वाक्य प्रत्येक समुपदेशन केंद्राच्या भिंतीवर लावण्याच्या योग्यतेचे आहे. ज्या बाईला खरोखर परत जायचे आहे तिच्यासाठीही बोलणी हिंसा थांबण्याच्या अटीपासून सुरू व्हावी लागतात.

दारूचा उल्लेख या चर्चेत हमखास येतो. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, वऱ्हाडातल्या गावोगावच्या बायकांनी ‘आडवी बाटली’साठी, म्हणजे मतदानाने दारू दुकान बंद करण्यासाठी, मोर्चे काढले आहेत, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. तरी दारू सुटलेले सगळे नवरे हात उचलायचे थांबतात असे नाही, आणि न पिणारेही मारतात. दारूला कारण मानले की व्यसनमुक्ती हाच उपचार ठरतो आणि बाईची सुरक्षितता मागे पडते.

२६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात असलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा उपयोग या सुरक्षिततेसाठी सर्वाधिक आहे, कारण तो दिवाणी स्वरूपाची दाद झटपट देण्यासाठी केला आहे. नवऱ्याला तुरुंगात न धाडता मार थांबवणे, घरात राहण्याचा हक्क, खावटी, मुलांचा ताबा आणि नुकसानभरपाई या गोष्टी एकाच अर्जात मागता येतात. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करतो, तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो, पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि ६० दिवसांत निकाल लागावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठ दिवसांची अपेक्षा बहुतेक न्यायालयांत पाळली जात नाही. तरी अंतरिम आदेशाची तरतूद आहे आणि चांगला वकील आधी तोच मागतो. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक अडसर दूर केला: घर सासऱ्याच्या नावावर असले तरी ते सामायिक घर ठरू शकते. त्याआधी ‘घर माझ्या बापाचं आहे’ हे एक वाक्य कित्येक सुनांना रस्त्यावर आणत होते.

या कायद्याचा कणा संरक्षण अधिकारी आहे, आणि तोच सर्वांत कमकुवत राहिला. पुष्कळ ठिकाणी हे काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे जादा कार्यभार म्हणून आले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना सांगावे लागले की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास खात्याचे अधिकारी निश्चित करून त्यांना संरक्षण अधिकारी नेमा. कायदा लागू होऊन तेव्हा १८ वर्षे उलटली होती. याच काळात विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये फाशीची तरतूद असलेले ‘शक्ती’ विधेयक मोठ्या चर्चेनंतर मंजूर केले. ते कायदा झाले नाही. शिक्षा वाढवण्यावर जेवढी ऊर्जा खर्च होते तिच्या चौथाई भागात २१ तालुक्यांना पूर्णवेळ संरक्षण अधिकारी मिळाले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

शेतकरी आत्महत्यांच्या या पट्ट्यात कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा एक उपयोग कमी माहीत आहे. तो फक्त बायकोसाठी नाही. विधवा, सासू, बहीण, लेक, कुटुंबात राहणारी कोणतीही स्त्री त्याखाली दाद मागू शकते. नवऱ्याने जीव दिल्यावर पात्र ठरलेल्या कुटुंबाला सरकार एक लाख रुपये देते: ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. त्या रकमेवरून, सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीवरून आणि घरातल्या एका खोलीवरून विधवेचा छळ सुरू होतो. तलाठ्याकडे फेरफार अडवणे हा तिला मुकाट माहेरी धाडण्याचा एक मार्ग. आर्थिक छळ या व्याख्येत हे सगळे बसते. विधवेच्या वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे सोबत जाणारी बचत गटातली एखादी बाई, ‘माविम’ची असो की ‘उमेद’ची, या प्रसंगी वकिलाइतकीच कामाची ठरते.

पैसा आणि निवारा यांबाबत थोडक्यात सांगता येईल. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ मध्ये सुरू झाली. २०१७ च्या सुधारणेनंतर मदतीची मर्यादा १० लाखांपर्यंत गेली आणि काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आले. वकील मोफत मिळण्यासाठी स्त्रीला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्री पात्र आहे, ती सातवा वेतन आयोग घेणारी असली तरी. सखी केंद्रातल्या पाच दिवसांनंतरच्या निवाऱ्यासाठी पूर्वीची स्वाधारगृहे, आताची शक्ती सदने आहेत. मोठा मुलगा सोबत असलेल्या आईला तिथे अडचण येते आणि ती पुन्हा माहेरचे दार ठोठावते. खावटीच्या तारखा अमरावती आणि अकोला दोन्हीकडच्या कौटुंबिक न्यायालयांत चालतात. मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांना निम्मे भाडे झाले. ही योजना या विषयासाठी आणलेली नव्हती, पण तारखेला येणाऱ्या बाईला तिचा आधार झाला.

मेळघाटाचा विचार वेगळा करावा लागतो. धारणी आणि चिखलदरा हे कोरकूबहुल तालुके. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर, मधे सेमाडोहचा घाट आणि व्याघ्र प्रकल्पाचे जंगल. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण सखी केंद्र, कौटुंबिक न्यायालय, बाल कल्याण समिती हे सगळे घाटाखाली. कोरकू बोलणारी समुपदेशक नसेल तर बाईचे म्हणणे दुभाष्यामार्फत जाते, आणि दुभाषी गावातलाच, अनेकदा नात्यातला निघतो. कामासाठी कुटुंबे मैदानी भागात किंवा मध्य प्रदेशात स्थलांतर करतात. अत्याचार तिकडे होतो आणि तक्रार करायला माणसे इकडे येतात.

सर्वांत अवघड प्रश्न अल्पवयीन मुलींचा आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या, बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने १८ वर्षांखालील मुलीशी लैंगिक संबंध हा गुन्हा ठरतो आणि त्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती कळवणे बंधनकारक आहे. रिवाजाने लग्न झालेली १६-१७ वर्षांची मुलगी दिवस गेल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रात आली की डॉक्टरला पोलिसांना कळवावे लागते. एकदा असे घडले की पुढच्या मुली दवाखान्याऐवजी घरी बाळंत होतात. कुपोषण आणि माता-बालमृत्यूंशी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या भागात हे परवडणारे नाही. आणि बालविवाहाकडे डोळेझाक करणेही नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यातून थोडी वाट काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना दिलेल्या माहितीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल घाटावरच्या प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांतली सहाय्यक व्यक्तीची तरतूद त्याहून महत्त्वाची. खटला संपेपर्यंत मुलीसोबत राहणारी ही व्यक्ती बाल कल्याण समिती नेमते. कोरकू जाणणारी अशी माणसे तयार करणे हे मेळघाटातल्या सहाय्यसेवेचे पहिले काम आहे.

सेवा चालवणाऱ्यांची स्थिती हा विषय सहसा शेवटी येतो, आणि तोही घाईत. सखी केंद्रातल्या समुपदेशक, केस वर्कर आणि बहुउद्देशीय कर्मचारी कंत्राटी असतात; आशाताईला मोबदला कामागणिक, अंगणवाडीताईला मानधन. अनुभवी समुपदेशक दुसरी नोकरी मिळताच सोडून जाते आणि तिच्याजवळ मन मोकळे केलेल्या बाईला सगळे पहिल्यापासून नव्या माणसाला सांगावे लागते. पोलिसांत सांगितले, डॉक्टरला सांगितले, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे सांगितले, संरक्षण अधिकाऱ्याला सांगितले. प्रत्येक वेळी तोच प्रसंग, आणि प्रत्येक वेळी थोडा वेगळा लिहिला गेलेला. उलटतपासणीत बचावाचा वकील नेमके हेच फरक पुढे करतो. म्हणून एकाच व्यक्तीने प्रकरण शेवटपर्यंत सांभाळणे ही केवळ सोयीची बाब नाही, खटल्याच्या मजबुतीचीही आहे. वन स्टॉप सेंटरची कल्पना मुळात त्यासाठीच होती. कंत्राटी पदांवर ती टिकणार नाही.

महिला हेल्पलाइन १८१ दिवसरात्र चालू असते. पोलिसांसाठी ११२, मुलांसाठी १०९८ आणि मोफत विधी सल्ल्यासाठी १५१०० हे क्रमांक आहेत. फोन त्या बाईनेच केला पाहिजे असे नाही. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शेजारी, शिक्षक, नातेवाईक, कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतो, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर ना दिवाणी दावा होऊ शकतो, ना फौजदारी.